उजेड पाहून

घाटंजीहून निघाली तेव्हा पेटी मांडीवर धरून होती,
वर ओला टॉवेल.
मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी
लिपस्टिका झोपी जातात, मग उठत नाहीत.

गुणवंतभाऊंच्या घरी खुर्ची आधीच मांडलेली,
समोरच्या खोलीत, कूलरपुढे.
भिंती लग्नासाठी नव्यानं रंगवलेल्या, पोपटी.
समीक्षा बसली. हनुवटी धरून तोंड वर केलं
तर पोरगी कावीळ उतरल्यासारखी.
म्हटलं, इथी नाही जमत.

बायकांना वाटलं, पार्लरवालीचे नखरे.

मग मांडवात. वर गुलाबी कापड,
त्याखाली तर आचारीही नवरी दिसत होता.
मग सैपाकघर. एकच ट्यूब, तीही डोक्यावर,
डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.
लिंबाखाली उजेड होता, पण हलता,
गालावर पानं, नाकावर पानं,
काजळ कोणत्या पानाला लावू?

साडेतीनला लाईन गेली.
कूलर थांबला, खसाचा वास तेवढा राहिला.
मामी मोबाईलची बॅटरी तोंडावर धरून उभी.
मामी, म्हटलं, आपण विहिरीत बादली नाही शोधून रायलो.
कोणी हसलं नाही.
लग्न गोरजावर, अन् नवरी अजून
खुर्ची उचलून घरभर फिरते.
बेबीताई म्हणाल्या, "कुठीई बसव बाई,
पण गोरी दिसली पायजे माही पोरगी."

गुणवंतभाऊ तोवर बोललेच नव्हते.
सिलिंडर टेकवून आले, दुपट्ट्यानं मान पुसली.
"कापूस पाह्याचा असन तं ग्रेडर आत नाही पायत.
मूठभर घेते, दारात येते, उन्हाकडे पाठ करते.
मंग समजते, पांढरा का पिवळा."
अन् मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

शेवटच्या वेच्याचा कापूस, खिडकीच्या वर गेलेला.
दार उगवतीला,
ऊन केव्हाच घराच्या पलीकडे उतरलेलं.
आडवी बसवली तिला उंबरठ्याच्या आत,
एक गाल दाराकडे, एक कापसाकडे.
दारातून आलेला उजेड त्या ढिगावर पडे
अन् मऊ होऊन परत येई.
दोन्ही गाल सारखे. नाकाची सावलीसुद्धा नाही.
वीस वर्षांत असा आरसा मला कोणी दिला नाही.

"पावडर पोरीवर टाकजो," भाऊ जाता जाता म्हणाले,
"कापसावर नोको. ग्रेड पडते."

पहिला हात फिरवला, अन् जबड्याशी थांबली.
मान समीक्षाची, तोंड दुसऱ्याच कोणाचं.
पोपटी खोलीत खपलं असतं.
रात्री हॅलोजनखाली, व्हिडिओत तर नक्कीच खपलं असतं,
आजवर किती खपवले मी, मोजले नाहीत.
ती आरशात पाहून काहीच म्हणाली नाही,
फक्त पदरानं मान झाकली.

सगळं पुसलं.
हाताच्या पाठीवर दोन बाटल्या कालवल्या,
थोडी तिसरीतली,
भाजलेल्या जवसाचा रंग येईपर्यंत.
मग जबड्याशी लावून पाहिलं तर
बोट कुठं संपलं ते दिसेना.

पापणीला एक तंतू चिकटला. फुंकर मारली,
ती डोळे मिटून हसली, घाम नव्हता कुठेच.

बेबीताई दारात आल्या, उजेड अडला.
बाजूला सरकल्या, पुन्हा पाहिलं.
"हे तं समीक्षाच दिसते," म्हणाल्या.
तक्रार होती का, मला अजून कळलं नाही.
पैसे पूर्ण दिले.

एक गोष्ट भाऊंना सांगितली नाही.
कुंकवाच्या वेळी फडकं सापडेना,
बोट कापसाला पुसलं,
अन् तो झुपका उलटा करून आत खुपसला.

भाव आला की गाडी भरेल.
कोणी ग्रेडर मूठ घेईल, दारात येईल,
उन्हाकडे पाठ करील,
अन् बोटभर लाल पाहून
बराच वेळ तसाच उभा राहील.